कृत्रिम न्यूरल नेटवर्कला ‘इजा’ करून मेंदूच्या इजेबद्दल खरंच काही कळतं का?

तुम्ही लिहिलंय की पक्षाघातानंतर बाबा मांजराचं चित्र पाहून ‘कुत्रा’ म्हणतात, चमच्याला ‘वाटी’ म्हणतात. संगणकातलं न्यूरल नेटवर्क (एकमेकांना जोडलेल्या अनेक छोट्या घटकांचा, उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) मुद्दाम मोडून अशा चुका अभ्यासतात हे वाचल्यावर तुम्हाला प्रश्न पडला, की त्यातून माणसाबद्दल काय कळणार? मी स्पीच थेरपिस्ट आहे, वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडलेल्या लोकांसोबत काम करते. माझं उत्तर: कळतं, आणि त्यातला एक धागा थेट उपचारापर्यंत पोचलेला आहे.

सुरुवात वाचनातल्या चुकांपासून करते, कारण या विषयातलं सगळ्यात गाजलेलं काम तिथलं आहे. 1966 साली जॉन मार्शल आणि फ्रेडा न्यूकम या संशोधकांनी दुसऱ्या महायुद्धात डोक्याला इजा झालेल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या वाचनाची नोंद प्रसिद्ध केली. ‘कॅनरी’ हा शब्द समोर ठेवला तर तो ‘पॅरट’ वाचायचा. अक्षरांत काही साम्य नाही, पण दोन्ही पक्षीच. विचित्र गोष्ट अशी, की अर्थाच्या अशा चुका करणारे रुग्ण दिसण्याच्या चुकाही करतात, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या शब्दांची गल्लत, ‘स्टॉक’चं ‘शॉक’. कधी दोन्ही एकात एक मिसळतात. ‘सिंपथी’ वाचताना उत्तर आलं ‘ऑर्केस्ट्रा’, बहुधा मधल्या मध्ये ‘सिंफनी’ (वाद्यवृंदासाठीची संगीतरचना) होऊन! सरळ तर्क असा होता, की चुका दोन प्रकारच्या असतील तर मेंदूत बिघाडही दोन ठिकाणी असणार.

1991 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन (2024चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले तेच) आणि मेंदूच्या इजांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ टिम शॅलिस यांनी हा तर्क हलवला. त्यांनी फक्त 40 इंग्रजी शब्दांचं एक छोटं नेटवर्क शिकवून तयार केलं. एका बाजूने अक्षरं आत जायची, दुसऱ्या बाजूला अर्थाची लक्षणं उमटायची: आकार, रंग, खाण्याचं आहे का, कुठे सापडतं. मग त्यांनी वेगवेगळ्या जागी काही जोडण्या तोडल्या. चुका कशा करायच्या हे नेटवर्कला कुणीच शिकवलेलं नव्हतं. तरी जोडण्या कुठेही तोडल्या तरी दोन्ही प्रकारच्या चुका निघाल्या, प्रमाण तेवढं कमीजास्त. म्हणजे दोन प्रकारच्या चुकांना दोन बिघाड लागतातच असं नाही.

हे का होतं? सह्याद्रीच्या धारेवर पडणारा पाऊस डोळ्यांसमोर आणा. थेंब अलीकडे पडला तर कोकणातून समुद्रात जातो, दोन पावलं पलीकडे पडला तर कृष्णेला मिळतो. या नेटवर्कमध्ये प्रत्येक शब्दाच्या अर्थाचं असंच एक पाणलोट क्षेत्र असतं. अक्षरांवरून आलेला पहिला अंदाज ओबडधोबड असतो, पण योग्य पाणलोटात पडला की घरंगळत नेमक्या अर्थापाशी पोचतो. जोडण्या तुटल्या की धार सरकते आणि तोच थेंब शेजारच्या अर्थाकडे वाहून जातो. सारखे दिसणारे शब्द मुळातच जवळजवळ पडतात आणि सारखे अर्थ शेजारी असतात, म्हणून चुका दोन्ही दिशांना होतात. बरंच मोडलेलं नेटवर्क नेमका शब्द ओळखू शकलं नाही तरी तो कुठल्या गटातला हे बरेचदा सांगू शकत होतं. बाबा ‘कुत्रा’ म्हणतात, ‘खुर्ची’ म्हणत नाहीत, याचं हे एक पटणारं स्पष्टीकरण आहे. मांजराबद्दलचं ज्ञान पूर्ण पुसलं गेलेलं नसावं, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. 1996 मध्ये डेव्हिड प्लॉट या संशोधकाने मोडलेल्या नेटवर्कला पुन्हा शिकवून पाहिलं. काही शब्दांचाच सराव दिला तरी न शिकवलेले शब्दही काही प्रमाणात सुधारले. त्याहून अनपेक्षित म्हणजे, गटातले ठळक, म्हणजे त्या गटाचे नेहमीचे नमुने शिकवण्यापेक्षा वेगळे, कडेचे नमुने शिकवल्यावर सुधारणा जास्त पसरली. आमच्या व्यवसायात रीत उलटी असते, सोप्या आणि नेहमीच्या वस्तूंपासून सुरुवात. वाचाघातावर संशोधन करणाऱ्या स्वाती किरण आणि सिंथिया थॉम्पसन यांनी 2003 मध्ये वाचाघाताच्या चार रुग्णांवर हे तपासलं, पक्षी आणि भाज्या हे गट घेऊन. नेहमीचे नमुने शिकवले तर सुधारणा तेवढ्यांपुरतीच राहिली. कडेचे नमुने शिकवले तेव्हा न शिकवलेल्या नेहमीच्या नमुन्यांची नावंही येऊ लागली. कारण समजण्यासारखं आहे: शहामृग आणि पेंग्विन शिकताना ‘पक्षी’ या गटाचा सगळा पसारा चाळवला जातो, चिमणी-कावळ्यात तो थोडाच येतो.

अर्थात चार रुग्ण म्हणजे फार थोडे, आणि 40 शब्दांचं नेटवर्क म्हणजे मेंदू नव्हे. ते ज्या पद्धतीने शिकतं तशी मेंदूतली प्रक्रिया असेलच असं नाही. पक्षाघातात रक्तवाहिनी जिथे बंद पडते तिथला सलग भाग जातो, नेटवर्कमध्ये तोडतात तशा जोडण्या चिठ्ठ्या टाकून तुटत नाहीत. शिवाय फार छोट्या नेटवर्कमध्ये निव्वळ लहानपणामुळेही फसवे निकाल येतात, हे जॉन बुलिनारिया आणि निक चेटर या संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं. नेटवर्कमधून चुकांचं एक शक्य कारण मिळतं. तेच खरं कारण आहे का, हे माणसांवरच तपासावं लागतं.

बाबांसाठी घरच्या घरी शहामृगाची चित्रं काढून बसू नका. आधी त्यांच्या थेरपिस्टला विचारा, की चूक अर्थाच्या टप्प्यावर होते आहे की उच्चार जुळवताना. ‘मांजर’ऐवजी ‘कुत्रा’ येणं आणि ‘मांजर’ऐवजी ‘बांजर’ येणं यांचे सराव वेगळे असतात. वर सांगितलेली पद्धत पहिल्या प्रकारासाठी आहे, आणि तिथे शब्दांची यादी कशी निवडायची हे त्यांच्याशी बोलून ठरवता येईल.