प्राथमिक शिक्षक व्हायचंय? फॉर्म भरण्याआधी वाच

बीए करून बीएड करायचा विचार करत्येस, पण पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर ती वाट आता बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निकालच तसा आहे. दोन वर्षांचं डीएलएड (प्राथमिक शिक्षणाची पदविका) कर, किंवा पदवीच हवी असेल तर चार वर्षांचं आयटेप, म्हणजे पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र. आयटेपसाठी एनसीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्यातला टप्पा मात्र नीट निवड: 'पायाभूत' म्हणजे बालवाडी ते दुसरी, 'पूर्वतयारी' म्हणजे तिसरी ते पाचवी.

प्रशिक्षण सुरू झालं की सराव पाठाची टाचणवही, म्हणजे पाठाची आखणी लिहायची वही, सजवण्यात रात्री घालवू नकोस (गुण मिळतात, नाही असं नाही). त्यापेक्षा वर्गात मुलांच्या पाट्या बघ. ५२ वजा १७ चं उत्तर पोरगं ४५ का लिहितं? दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सरळ सातातून दोन काढतं. फळ्यावर पुन्हा तेच गणित सोडवून उपयोग नाही. दहा काड्यांचा एक गठ्ठा त्याच्याच हातून सोडव.

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्राचे असतात. तो भाग गाईडमधून पाठ करण्यापेक्षा या पाट्यांवरून लवकर कळतो.