खांब मोडतो तो बुडाशी: दिव्याचे खांब आणि वारा

पावसाळ्यापूर्वी आवारातल्या आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत. खालचे आकडे अंदाज बांधण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष कामाचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच व्हायला हवं.

प्रश्न: आमची सोसायटी पणजीत, समोर मोकळं पाणी. ९ मीटरचे अष्टकोनी खांब घ्यायचे आहेत. पुरवठादार म्हणतो, 'खांब ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला चालतो.' एवढं पुरेसं आहे का?

नाही. हा वेग कुठल्या उंचीवरचा, किती सेकंदांच्या सरासरीचा आणि कसल्या परिसरातला, हे त्या वाक्यात कुठेच नाही. भारतात वाऱ्याचा भार आयएस ८७५ भाग ३ (२०१५) या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे कोडप्रमाणे, काढतात. त्यात प्रत्येक भागाचा मूळ वेग दिला आहे. मोकळ्या जमिनीवर १० मीटर उंचीला, ३ सेकंदांच्या झोताचा, ५० वर्षांत एकदा अपेक्षित असलेला वेग तो. पणजी, पुणे आणि नाशिकला ३९ मीटर प्रति सेकंद, मुंबई आणि नागपूरला ४४. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ताशी साधारण १४० आणि १५८. वादळाच्या बातमीत मात्र बहुधा ३ मिनिटांच्या सरासरीचा वेग येतो आणि झोताचा आकडा वेगळा सांगतात, म्हणून बातमीतला आकडा कोडमधल्या आकड्याशी सरळ ताडून पाहू नका.

मूळ वेगाला चार गुणक लागतात. पहिला आयुष्याचा, नेहमीच्या बांधकामाला १. दुसरा उंची आणि परिसराचा, आणि चूक बहुतेक इथेच होते. १० मीटर उंचीला मोकळ्या समुद्रकाठी तो १.०५, तुरळक झाडं-घरं असतील तर १, दाट वस्तीत ०.९१. पत्ता शहरातला म्हणून ०.९१ धरून मोकळे होतात. पण वारा पाण्यावरून येत असेल तर मागे उभ्या इमारतींचा खांबाला काहीच आडोसा नसतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे एवढ्या फरकाने भार ३३ टक्क्यांनी कमी-जास्त होतो. तिसरा गुणक चढाचा: सपाटीवर १, कड्याच्या किंवा टेकडीच्या माथ्यावर १.३६ पर्यंत, म्हणजे दाब जवळजवळ १.८५ पट. चौथा चक्रीवादळाचा, तो कोडने पूर्व किनारा आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्यापुरता ठेवला आहे. कोकण-गोव्याला सक्ती नाही. पण ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, हे लक्षात ठेवून रुग्णालय, जेटी किंवा बंदरावरच्या खांबांना १.१५ लावावा असं आमचं मत आहे.

तुमच्या खांबाला हे लावून पाहू. ३९ गुणिले १.०५ म्हणजे ४०.९५. त्याचा वर्ग गुणिले ०.६ म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १,००६ न्यूटन दाब. दिशेसाठी इमारतींना मिळणारी ०.९ ची सूट गोल किंवा गोलसर खांबाला मिळत नाही. खांब खाली १५५, वर ७० मिलिमीटर असेल तर वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ १.०१ चौरस मीटर. अष्टकोनासाठी आकाराचा गुणक १.४ धरला की जोर येतो १,४२५ न्यूटनच्या आसपास, आणि तो बुडापासून ३.९ मीटरवर लागतो. वर दीड मीटरचा हात आणि एक एलईडी दिवा धरून बुडाशी एकूण मोमेंट (खांब वाकवणारा परिणाम: जोर गुणिले बुडापासूनचं अंतर) सुमारे ७ किलोन्यूटन-मीटर.

३ मिलिमीटर जाडीच्या, ३५५ मेगापास्कल यील्डच्या (एवढ्या ताणाला पत्रा कायमचा वाकू लागतो) पत्र्यात यामुळे १२५ मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. दीडपट भार धरला तरी खांबाचा दांडा आरामात पास होतो. मुंबईच्या ४४ ला, समुद्राकाठीसुद्धा, होतो. म्हणून पुरवठादाराला दांड्याबद्दल कमी आणि बुडाबद्दल जास्त विचारा. जंक्शन बॉक्सच्या दाराची खाच कापली की तिथला छेद कमकुवत होतो. खाचेचे कोपरे गोल आहेत का, कडेने आतून पट्टी वेल्ड केली आहे का, खाच बेस प्लेटपासून (खांबाच्या बुडाला वेल्ड केलेली, बोल्टवर बसणारी पट्टी) किमान ५०० मिलिमीटर वर आहे का, हे हात लावून बघा. चौकोनी कोपऱ्यातून सुरू झालेली केसाएवढी भेग रंगाखाली दिसतही नाही. गॅल्वनायझिंगचा म्हणजे झिंकचा थर ५ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर सरासरी ६५ मायक्रॉन, त्याहून जाड भागावर ८६. समुद्राकाठी गॅल्वनायझिंगवर रंगाचा हातही द्यावा.

लेखी मागायच्या गोष्टी अशा: धरलेला मूळ वेग, चारही गुणक, दिवा आणि हाताचं धरलेलं क्षेत्रफळ, खाचेच्या छेदावरचा ताण, बोल्टवरचा ताण. 'दिवा ०.०६ चौरस मीटर' धरून काढलेल्या खांबावर नंतर दोन हातांचे दोन दिवे लावले, तर तो कागद निरुपयोगी.

प्रश्न: अशाच ९ मीटर खांबासाठी ठेकेदार ६०० × ६०० × १२०० मिलिमीटरचा पाया सांगतोय. आमची जागा तीन वर्षांपूर्वी भराव टाकून वर उचललेली आहे. चालेल का?

भरावात चालणार नाही. पाया ०.४३ घनमीटर, काँक्रीटचं वजन १०.४ किलोन्यूटन, खांबासह साधारण ११.४. कडेभोवती उलटायला विरोध: ११.४ गुणिले ०.३ मीटर, म्हणजे ३.४ किलोन्यूटन-मीटर. उलटवणारा मोमेंट वरच्या प्रश्नातला ७, त्यात खांब, हात आणि दिव्यावरचा मिळून १.६ किलोन्यूटनचा आडवा जोर १.२ मीटर खोलीवर नेला की ८.९. उरलेला साडेपाच किलोन्यूटन-मीटर बाजूची माती धरते. घट्ट मुरमात ती धरतेही, म्हणून हा आकार सगळीकडे चालत आलेला दिसतो. सैल भरावात मात्र माती सरकते आणि खांब आधी दोन अंश कलतो. मग पाऊस फटीत शिरतो, आणि पुढचा वारा काम पुरं करतो.

केवळ वजनावर उभं राहायचं तर १ मीटर × १ मीटर × १.२ मीटर घ्या. तेव्हा विरोध सुमारे १४.९ किलोन्यूटन-मीटर, सुरक्षिततेचा गुणक १.६७. यासाठी सव्वा घनमीटरच्या आतबाहेर काँक्रीट लागतं, खर्च वाढतो, पण भरावात काटकसरीची जागा ही नव्हे. तळाला माती किती भार घेते, ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. काळ्या मातीत गोष्ट वेगळी: उन्हाळ्यात ती आकसते आणि पायाच्या कडेने बोटभर फट पडते. तिथे पायाभोवती अर्धा मीटर काळी माती काढून मुरूम दीडशे-दीडशे मिलिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकून भरा.

काँक्रीट ओतायच्या आधी बोल्ट टेम्प्लेटवर (भोकं पाडलेल्या साच्यावर) बांधून उभे करा. काँक्रीट ओतल्यावर पाइपने ढकलून जागेवर आणलेले बोल्ट वाकलेले राहतात, आणि मग प्लेटची भोकं गॅसने वाढवली जातात. तशी प्लेट परत पाठवा. २०० मिलिमीटर अंतरावर चार बोल्ट असतील तर कर्णाच्या दिशेने वारा आल्यावर एकाच बोल्टवर सुमारे २५ किलोन्यूटन ओढ येते. २० मिलिमीटरचा चांगला बोल्ट ती घेतो, पण चारही बोल्ट पूर्ण घट्ट असतील तरच. प्लेटखालचा लेव्हलिंग नट (खांब ओळंब्यात आणायचा) काँक्रीटपासून बोल्टच्या व्यासापेक्षा वर नको, नाहीतर बोल्टच वाकू लागतो. प्लेटखाली न आकसणारा ग्राउट (फट भरायचा सिमेंटचा मसाला) भरा, पाणी बाहेर पडायला एक छोटी वाट ठेवा, वर वॉशर, नट आणि लॉकनट. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट असेल तर १० दिवस पाणी मारा, आणि त्याआधी खांब चढवू नका.

प्रश्न: नाशिकजवळ शेतघरासमोर ६ मीटरचा ७६ मिलिमीटर व्यासाचा पाइप खांब आहे. त्यावर अर्धा चौरस मीटरचं सोलर पॅनेल बसवायचं आहे. खांब टिकेल का?

आमचा सल्ला: बसवू नका. मोकळ्या शेतात ३९ च्या वेगाला दाब ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर. पाइप ३.६ मिलिमीटर जाडीचा धरला, तर पाइप आणि छोटा दिवा मिळून बुडाशी १.७ किलोन्यूटन-मीटर, ताण १२० मेगापास्कल. दीडपट केला की १८०. २१० यील्डच्या पाइपची मर्यादा १९१ च्या आसपास, म्हणजे आत्ताच खांब काठावर उभा आहे.

पॅनेल २० अंश कललेलं असेल तर त्यावरचा जोर सुमारे ६०० न्यूटन. त्यातला २०० न्यूटन आडवा, तो ६ मीटरवर म्हणजे आणखी १.२ किलोन्यूटन-मीटर. बाकी जवळजवळ सगळा उभ्या दिशेने, मागून वारा आला की पॅनेल वर उचलणारा. आता खांबाच्या बुडाशी ताण २०५ मेगापास्कल, सुरक्षिततेची फट संपली. ८९ मिलिमीटरचा पाइपही कमीच पडतो. ११४ मिलिमीटर व्यास, ४.५ जाडी घ्या, तिथे ताण ९० च्या आत राहतो. पॅनेलचा क्लॅम्प एका यू-बोल्टवर ठेवू नका, तो खांबाभोवती फिरतो. दोन यू-बोल्ट आणि एक आरपार बोल्ट द्या. बॅटरीची पेटी शक्य असेल तर खाली.

प्रश्न: मुंबईत आमच्या रस्त्यावरच्या खांबांना गणेशोत्सवात फ्लेक्स बांधतात. चार दिवसांनी काय बिघडतं?

तीन फूट बाय चार फुटांचा एक फ्लेक्स म्हणजे १.१ चौरस मीटर, पूर्ण ९ मीटर खांबाच्या क्षेत्रफळापेक्षा थोडा जास्तच. दाट वस्तीतला दाब ९६२ धरून साडेचार मीटर उंचीवर बांधला तर एकट्याने ५.६ किलोन्यूटन-मीटर घालतो. खांबाचं स्वतःचं मोमेंट तिथे ६.७. चार दिवसांसाठी म्हणून कोडमधला सौम्य गुणक लावता येईल, पण भाद्रपदातला पाऊस-वारा तेवढ्यासाठी थांबत नाही. फ्लेक्सला भोकं पाडून भार फारसा कमी होत नाही. दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी तर त्याहून वाईट, ती खांब एका बाजूला सतत ओढून ठेवते. उत्सवासाठी वेगळे बांबू पुरा.

प्रश्न: नागपूरला आमच्या पार्किंगमधले खांब वादळात नाही, पण संध्याकाळच्या हलक्या झुळकीत थरथरतात. खांब मोडतील का?

लगेच नाही, पण दुर्लक्ष करू नका. वारा खांबाच्या पाठीमागे आळीपाळीने भोवरे सोडतो. भोवऱ्यांची गती खांबाच्या स्वतःच्या हलण्याशी जुळली की खांब आडवा डोलू लागतो. सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाला, दुसऱ्या प्रकारच्या डोलण्यासाठी (खांब इंग्रजी एस आकारात वाकतो, सेकंदाला आठेक वेळा) हा वेग सव्वाचार ते साडेचार मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १६ किलोमीटर पडतो. म्हणूनच तो झुळकीत दिसतो आणि वादळात दिसत नाही. असे हजारो झोके बुडाच्या वेल्डला थकवतात आणि नट सैल करतात.

खांब उभे करून दिवे महिनोन्महिने न लावता ठेवले की हे जास्त होतं, कारण वरचं वजनच नसतं. तुमचे दिवे लागलेले असूनही थरथर असेल तर आधी चारही नट तपासा, मग बेस प्लेटच्या वेल्डवर रंग खरवडून भिंगाने भेग शोधा. भेग नसेल तर खांबाच्या आत वरच्या टोकाला रबर चढवलेली साखळी टांगतात. ती आतून आदळत राहते आणि डोलणं मारते. भेग सापडली तर दिवा काढा, खांब उतरवा. वरून वेल्ड मारून तसाच ठेवू नका, जुनी भेग नव्या वेल्डखालून पुढे सरकतेच.