घरात कुणी बोलतच नाही

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचं तपासणीत नक्की झालंय. आम्हा दोघांना ते हवंय. पण घरात कुणी नावाचा विषयही काढत नाही.

उत्तर : मग तुम्हीच काढा! माझ्या लेकीच्या वेळीही सगळे गप्प. मी सरळ झबली शिवायला घेतली, तेव्हा सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "बटणं नको गं, बंद लाव." तिथून बोलणं सुरू झालं.

अशा सुमारे निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. गर्भाचा इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, झाला नसेल तर डॉक्टरांना विचारा. जन्मानंतर इको आणि थायरॉईडची तपासणी कराच. स्नायू सैल असल्याने बाळ सावकाश पितं, मध्येच झोपतं. तळपायाला गुदगुल्या करून उठवायचं. 'बिचारं' म्हणणाऱ्यांशी वाद नको. पाजायची वेळ झाली म्हणायचं अन् उठायचं.