टाइप रेटिंगचे पैसे आत्ताच भरू नका

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची आहे. २०५ तास उड्डाण करून तिने सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) मिळवलं. त्यासाठी राहतं घर गहाण टाकून कर्ज काढलंय. आता एअरबसचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवण्याचं खास प्रशिक्षण) करायचं, तर म्हणते, ‘बाबा, मी अजून तयार नाही.’ एकदा सोलोत (एकटीने उडवताना) आडव्या वाऱ्यात विमान टेकताना उसळलं आणि तिने ते न उतरवता पुन्हा वर घेतलं. तेव्हापासून कच खाते. जाणीव राहावी म्हणून मी रोज जेवताना हप्त्याचा आकडा सांगतो. अमेरिकेत म्हणे एअरलाइनमध्ये लागायला १५०० तास लागतात. पैसे भरून तास वाढवावेत का? तिला समजवा.
– एक पालक, नेरूळ

उत्तर : नमस्कार. समजावण्याची गरज मुलीला नाही, तुम्हाला आहे. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

आधी ते लँडिंग. तिने गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं, आणि अगदी बरोबर केलं. उसळलेलं विमान हट्टाने खाली दाबायला गेलं की नाकाचं चाक मोडतं, प्रोपेलर जमिनीला घासतो. एकटी असताना, कुणी सांगायला नसताना तिने हा निर्णय घेतला. त्याला तुम्ही कच खाणं म्हणता, याचं मला फार वाईट वाटलं. घरी कुणी ‘शाब्बास’ म्हटलं का तिला?

आता १५०० तास. हा नियम फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ झालेल्या कोल्गन एअरच्या अपघातानंतर आला. ५० माणसं गेली. पण त्या कॅप्टनचे ३,३७९ तास झाले होते आणि फर्स्ट ऑफिसरचे, म्हणजे सहवैमानिकाचे, २,२४४! स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटण्याची, सूचना मिळाल्यावर नाक खाली करायचं, तर कॅप्टनने कंट्रोल मागे ओढला. फर्स्ट ऑफिसर २४ वर्षांची, पगार तुटपुंजा. सर्दीने बेजार होती, रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आली होती. आजारी म्हणून सुट्टी घेतली तर हॉटेलचा खर्च अंगावर पडेल, असं ती बोलल्याचं कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. पैशाच्या धास्तीने माणूस ‘आज मला जमणार नाही’ म्हणायचं टाळतो. तुमच्या जेवणाच्या टेबलावर रोज हेच शिकवलं जातंय.

२०० तासांच्या मुलीच्या हाती कुणी थेट विमान सोपवत नाही. टाइप रेटिंग मुख्यतः सिम्युलेटरवर होतं, मग ट्रेनिंग कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी फेऱ्यांवरचं प्रशिक्षण. सुरुवातीच्या फेऱ्यांना मागच्या सीटवर आणखी एक वैमानिक असतो. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी आपल्याकडेही १५०० तास लागतातच. युरोपात आजही साधारण दोनशे तासांची मुलं फर्स्ट ऑफिसर होतात. प्रशिक्षण आणि तपासणी कडक असेल तर ते चालतं, असं माझं मत आहे. सेसनासारख्या छोट्या विमानात त्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालून विकत घेतलेल्या तासांनी जेटच्या कॉकपिटमधलं दोघांचं काम येत नाही. त्यावर एक रुपयाही घालू नका.

‘तयार नाही’ म्हणजे नेमकं काय, हे तिला तिच्या इन्स्ट्रक्टरबरोबर बसून शोधू द्या. तुम्ही तिथे नको. आडव्या वाऱ्याची भीती असेल तर इन्स्ट्रक्टर शेजारी घेऊन थोडे तास त्याचाच सराव करावा. जेटची धास्ती असेल तर आधी जेट ओरिएंटेशन, म्हणजे जेटची ओळख करून देणारा कोर्स. पण तिला हे करिअरच नको असेल, तर तेही मोकळेपणाने म्हणता आलं पाहिजे.

कर्ज तुमच्या सहीचं आहे. बँकेत जाऊन हप्त्यांना सवलत मिळते का, मुदत वाढते का, ते तुम्हीच विचारा. आणि जेवताना तो आकडा आजपासून बंद.