क्रमांक गेला, मग मी कोण उरलो?

सिडनीत मराठी कुटुंबांचे समुपदेशन करताना एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती दार लोटून आत येताच कधी कधी मला तो तिच्या चालण्यातूनच कळतो. "खेळ सुटला, आता मी कोण?" गुडघा दुखावलेला क्रिकेटपटू, निवडीतून वगळलेली जलतरणपटू आणि त्यांचे आईवडीलही हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यातली एक हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

तो २७ वर्षांचा होता आणि सर्फ लाइफसेव्हिंगमधील, म्हणजे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याच्या कामातून आलेल्या खेळातील, लांब पल्ल्याच्या शर्यतींचा खेळाडू होता. या खेळातल्या 'आयर्नमॅन' शर्यतीत ट्रायथलॉनच्या आयर्नमॅनसारखी सायकल नसते, हे त्याच्या पुण्यातल्या आजीला अजूनही पटलेले नाही. समुद्रात पोहणे, बोर्डावर, म्हणजे लांब फळीवर, पालथे पडून किंवा गुडघ्यांवर बसून हातांनी पाणी मागे सारणे, सर्फ स्की ही लांब, अरुंद होडी दुहेरी वल्ह्याने चालवणे आणि वाळूतून धावणे, असे त्याचे चार भाग. खांद्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी शर्यती बंद करायला सांगितल्या, आणि पहाटे साडेचारला उठणारा हा मुलगा दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहू लागला.

पहिल्याच भेटीत त्याने मला 'काकू' म्हटले. व्यावसायिक शिष्टाचारात ते बसत नाही, पण मी चालू दिले.

"काकू, मी दहा वर्षे एकच गोष्ट केली आणि तीही अर्धवट राहिली. गाय लीचसारखे काही करून दाखवले असते, तर गोष्ट वेगळी होती."

सिडनीच्या मॅनली या किनारी उपनगरातला आयर्नमॅन खेळाडू गाय लीच, त्याचे नाव या किनाऱ्यावर आदराने घेतले जाते. १९८४ साली एका चित्रपटाच्या निमित्ताने क्वीन्सलँडच्या गोल्ड कोस्टवर सर्फर्स पॅराडाइज ते कूलंगट्टा आणि परत अशी 'कूलंगट्टा गोल्ड' ही शर्यत प्रथमच झाली. तोवर या खेळात नाव होते ग्रँट केनीचे. १९८० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने कनिष्ठ आणि खुल्या अशा दोन्ही गटांची राष्ट्रीय विजेतेपदे एकाच दिवशी मिळवली होती. कूलंगट्टा गोल्ड मात्र ४० किलोमीटरहून लांब, चार तासांच्या आसपास चालणारी. तिथे लाटेवरच्या चपळाईपेक्षा दम महत्त्वाचा. ती लीचने १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोनदा जिंकली.

"आणि त्यानंतर लीचने काय केले?" मी विचारले. त्याला ते नीट सांगता आले नाही. चाहत्यांना विजयाचे वर्ष तोंडपाठ असते, त्यापुढची वर्षे नसतात.

तीन-चार भेटी आम्ही त्याच जागी अडकून होतो. मग एकदा उशिरा येण्याचे कारण सांगताना तो सहज म्हणाला, "शनिवारी पॅट्रोल होती, अजून अंग दुखतंय. दोन मुलं रिपमध्ये सापडली होती." पॅट्रोल म्हणजे क्लबच्या सदस्यांनी किनाऱ्यावर आळीपाळीने द्यायचा पहारा. मी सविस्तर विचारले. किनाऱ्यावर आदळलेले पाणी एका चिंचोळ्या वाटेने आत परत जाते, ती रिप. तेथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते, म्हणून नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ती मुले पोहण्याची सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या झेंड्यांच्या बाहेर उतरली होती. दुखऱ्या खांद्याने बोर्ड घेऊन तो गेला, धाकट्याला बोर्डावर पुढे पालथे घातले, थोरल्याला कडेची पट्टी धरायला लावली आणि मदतीची होडी येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिला.

"हे तू मला आधी का सांगितले नाहीस?"

"ते मोजत नाहीत, काकू."

"कोण मोजत नाही?"

तो बराच वेळ गप्प बसला. त्या शांततेत मी तोंड उघडले नाही, आणि इतक्या वर्षांच्या कामातून मी शिकलेले सर्वांत अवघड कौशल्य तेच आहे. शेवटी तो म्हणाला, "मीच." हा खेळ मुळात ज्या कामाच्या सरावासाठी जन्मला, तेच काम त्याने हिशेबातून वगळले होते. स्पर्धेत उतरायचे तर पॅट्रोलचे तास भरावे लागतात, एवढाच त्याच्या लेखी त्याचा अर्थ होता.

येथे मी खूश झाले आणि फसले. पुढच्या भेटीत तो उत्साहाने म्हणाला, "म्हणजे मी विजेता नसलो तरी वाचवणारा आहे!" स्वतःची किंमत टांगायची खुंटी बदलली होती, टांगणे तेच होते. एखाद्या दिवशी कोणाला वाचवता आले नाही, तर? विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा विश्वास आहे, आणि ती सांगते की गुण कृतीला द्यावेत, माणसाला देऊ नयेत. ते त्याच्या भाषेत कसे सांगावे, हे मला तेव्हा सुचले, आणि त्याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. मी म्हटले, "पुढचा आठवडा स्वतःबद्दल बोलताना नाम वापरायचे नाही, क्रियापद वापरायचे. 'मी अमुक आहे' असे म्हणायचे नाही, 'मी अमुक करतो' असे म्हणायचे." मराठी व्याकरणाशी त्याचे कधीच जमले नव्हते, त्यामुळे तो हसला, पण वही आणली तेव्हा तीत बावीस क्रियापदे होती. 'आजीला फोन करतो' हेही त्यात होते.

गाय लीचचे पुढचे आयुष्य त्याने मग स्वतःच शोधून काढले. शर्यतींनंतर लीच लोकांना व्यायामाकडे वळवत राहिला, आणि सराव करताना एका जवळच्या मित्राचा हृदय अचानक बंद पडून मृत्यू झाल्यावर डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू करणारे यंत्र, ठिकठिकाणी असावे यासाठी काम करू लागला. त्या झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी घटते.

पालकांना माझे सांगणे असे की, पहिल्या काही आठवड्यांत "आता पुढे काय?" असे विचारू नये, तो प्रश्न मूल स्वतःला रात्रभर विचारतच असते. पदके लपवू नयेत आणि पाहुण्यांना दाखवूही नयेत. पहाटे उठण्याची वेळ मात्र मोडू देऊ नये, कारण इतकी वर्षे राबलेले शरीर एकदम थांबले की मनही खाली बसते. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली, किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर समुपदेशनावर न थांबता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

तो आता रविवारी सकाळी क्लबातल्या निपर्सना, म्हणजे लहान मुलांना, शिकवतो. मागच्या महिन्यात त्याने फोटो पाठवला: वाळूत ओळीने बसलेली दहा-बारा मुले समुद्राकडे बोट दाखवत आहेत, आणि खाली त्याने लिहिले होते, "काकू, शांत पाणी ओळखायला शिकवतो आहे."