कॅप्टन लोक को-पायलटला बिल भरू देत नाहीत, ही खरंच पद्धत आहे का? माझ्या भावाने काय करावं?

हो, आहे. कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली नाही, कंपनी सांगत नाही, सगळे कॅप्टन पाळतात असंही नाही, पण पद्धत आहे. तुम्ही लिहिलंय की भाऊ नुकताच लाइनवर, म्हणजे प्रवासी फ्लाइट उडवायला आलाय, लेओव्हरला, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाला, जेवायला गेलं की कॅप्टन त्याला पाकीट काढूच देत नाहीत आणि आता त्याला कानकोंडं व्हायला होतं. त्याला सांगा, निवांत जेव. बाकीचं उत्तर लांबणार आहे, कारण या विषयावर माझं एका माणसाशी कित्येक वर्षं वाजलेलं आहे.

तो माझा बारामतीच्या फ्लाइंग स्कूलचा बॅचमेट. दोघांनी बरोबरच फ्लाइंग केलं, आता तो दुसऱ्या कंपनीत कॅप्टन आहे. त्याचं म्हणणं असं की लेओव्हर अलाउन्स मलाही मिळतो आणि को-पायलटलाही मिळतो, मग मी त्याचं बिल का भरू, आणि भरलं की तो पोरगा मिंधा होतो, आणि मिंधा को-पायलट उद्या कॉकपिटमध्ये माझी चूक दाखवणार नाही. म्हणून बिल निम्मं-निम्मं. बॅचच्या ग्रुपवर हे टाकलं की धडाधड अंगठे येतात, कारण ऐकायला ते सेफ्टीच्या क्लासमधलं वाटतं. माझ्या मते साहेबांना खिशात हात घालायचा नाहीये आणि त्याला सेफ्टीचं नाव दिलंय.

आता माझं ऐका. मी नवीन को-पायलट होतो तेव्हाची गोष्ट. सीपीएल म्हणजे कमर्शियल लायसन्सचे दोनशे तास, वर एका जातीचं विमान उडवायचं टाइप रेटिंग, सगळं कर्जावर, वडिलांनी घर तारण ठेवलेलं. पगार सुरू झाला होता पण महिन्याच्या सुरुवातीला ईएमआय गेला की खात्यात काय उरायचं ते न सांगितलेलं बरं. जुलै महिना, रात्रीची मुंबईची फ्लाइट, आणि मुंबईत धो धो पाऊस. मुंबईला रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी चालतो एकच, आणि पावसाने तो अडला की वर विमानांची रांग लागते. आम्ही होल्डिंगमध्ये, म्हणजे त्या रांगेत, घिरट्या घालत राहिलो, दुसऱ्या एअरपोर्टला जाण्यापुरतंच फ्युएल उरायला आलं तसं कॅप्टन म्हणाले चलो अहमदाबाद. तिथे आमच्यासारखे आधीच येऊन बसलेले. विमान उभं करायला बे मिळेपर्यंत, मग फ्युएल, मग मुंबईला उतरायच्या वेळेचा स्लॉट, या सगळ्यात आमची ड्युटी टाइम संपली आणि कंपनीने हॉटेलला पाठवलं.

हॉटेलच्या रिसेप्शनवर डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं. माझं कार्ड चाललं नाही. परत लावलं, नाही चाललं. चारही केबिन क्रू मागे उभ्या, मध्यरात्र उलटलेली, माझे कान गरम झालेले मला अजून आठवतात. कॅप्टन एअर फोर्समधून आलेले सरदारजी, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रिसेप्शनच्या मुलाला म्हणाले, "दोनों रूम मेरे कार्ड पे डाल दो, इनके कार्ड का चिप खराब है." चिप! म्हणजे पैसे नाहीत हे त्यांना कळलेलं होतं आणि बाकीच्यांना कळू नये याची सोय पण त्यांनीच केली. मग किचन बंद, सँडविच आणि चहा एवढंच मिळत होतं, ते सहा जणांचं त्यांनी सांगितलं, बिलावर सही केली, आणि गप्पा मारायला बसले ते त्यांच्या पोस्टिंगच्या, एक शब्द फ्लाइंगबद्दल नाही. गाडीच्या ड्रायव्हरला पण सँडविच बाहेर पाठवलं, ते मला दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी अहमदाबाद-मुंबई, लेग त्यांची, म्हणजे विमान ते उडवत होते. मी मॉनिटर करत होतो. रनवे २७ वर अॅप्रोच, पाऊस होताच, वारा मागून-बाजूने उलटासुलटा, हजार फुटांवर स्पीड जास्त आणि इंजिनांचा थ्रस्ट आयडलला, म्हणजे अगदी कमी. बॅचमेटच्या थिअरीप्रमाणे मी आता गप्प बसायला पाहिजे होतं ना? रूम त्यांच्या कार्डावर, सँडविच त्यांचं, अब्रू त्यांनी वाचवलेली. मी म्हटलं, "अनस्टेबल, गो-अराउंड," म्हणजे विमान नीट बसलेलं नाही, उतरणं सोडा, परत वर चला. पुढच्या क्षणी थ्रस्ट लिव्हर पुढे. एक प्रश्न नाही, एक कटाक्ष नाही. दुसऱ्या वेळी नीट उतरलो. घरी सोडणाऱ्या कॅबमध्ये एवढंच म्हणाले, "सही बोला. अगली बार और ज़ोर से बोलना."

मी बोलू शकलो ते आदल्या रात्रीमुळे, असं माझं ठाम मत आहे. ज्याने मला चार लोकांत उघडं पाडलं नाही तो कॉकपिटमध्येही पाडणार नाही, हे मला आतून माहीत होतं. हजार फुटांवर विचार करायला वेळ नसतो, तिथे आधीचा हिशोबच कामाला येतो. २०१० च्या मंगळूरच्या विमान अपघातात काय झालं आठवा, १५८ माणसं गेली, आठ वाचली. को-पायलटने गो-अराउंड म्हटलेलं रेकॉर्डिंगमध्ये आहे, विमान उतरतच राहिलं. तिथे कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते, रनवे टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा, कारणं पुष्कळ, त्याचा चहापाण्याशी संबंध जोडायचा नाहीये मला. पण ज्युनिअरचा शब्द सिनिअरपर्यंत न पोचणं किती महाग पडू शकतं ते त्यातून दिसतं.

मिंधं करणारे कॅप्टन असतात, नाही असं नाही. ते बिल भरतात आणि सकाळी ब्रीफिंगला सगळ्यांसमोर "काय, काल पोट भरलं ना?" विचारतात. अशांचं बिल नकोच. पण मग बिलाला का बोल लावायचा, माणूसच तसला.

आणि बिल हा त्यातला सगळ्यात लहान भाग आहे. जेवण आलं की केबिन क्रू आधी कॅप्टनला विचारते, व्हेज की नॉनव्हेज, कारण दोघांनी एकच जेवण घ्यायचं नसतं. चांगला कॅप्टन म्हणतो, आधी त्याला विचार. पाऊस असेल तर वॉक-अराउंडला, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासायला, स्वतः जातो, तू आत बसून बॉक्स लोड कर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये रूट भर, म्हणतो. चांगल्या हवेचं लेग ज्युनिअरला देतो. पुशबॅकनंतर, म्हणजे विमान मागे ढकलून झाल्यावर, खाली इंजिनिअर पुढच्या चाकातून काढलेली लाल फीतवाली पिन दाखवून अंगठा करतो तेव्हा मान वर करून त्याला नीट हात करतो, नाहीतर काही जण त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. माझा बॅचमेट यातलं काय काय करतो ते त्याच्या को-पायलटना विचारा, मी लिहिलं तर म्हणेल बदनामी केली.

अनोळखी लोकांशी पण हे चालतं. अरबी समुद्रावर मुंबई रेडिओ एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर, खरखरीत ऐकू येत नाही, तेव्हा कोणीतरी दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या देशाचा माणूस तुमची उंची बदलायची रिक्वेस्ट मुंबईला पोचवतो आणि उत्तर तुम्हाला सांगतो. १२३.४५ या फ्रिक्वेन्सीवर पुढे हवा कशी आहे विचारलं की कोणी ना कोणी सांगतंच. कंपन्या खाली तिकिटांवरून एकमेकींचे गळे धरतात ते वरती नसतं.

अमेरिकेत तर ही पद्धत अजून पक्की आहे. आमच्यातलाच एक तिकडे रिजनलला, म्हणजे जवळच्या अंतराच्या छोट्या एअरलाइनला आहे, तो सांगतो की पहिल्या वर्षातल्या को-पायलटचं पाकीट उघडूच द्यायचं नाही असा तिथे जवळजवळ नियम होता. त्याला कारणही होतं, रिजनलला सुरुवातीचा पगार वर्षाला वीसेक हजार डॉलर असायचा, २००९ च्या बफेलोच्या विमान अपघातानंतर हे आकडे चौकशीत आले आणि लोक हादरले. आता पगार बरेच वाढलेत, तरी कॉफी कॅप्टनचीच. तिथे जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा सीट, पण मिळते, दुसऱ्या कंपनीच्या पायलटलासुद्धा, फक्त स्वतः पुढे जाऊन कॅप्टनची परवानगी मागायची, निरोप पाठवायचा नाही. आणि हे शिष्टाचार कुठे उपयोगी पडतील सांगता येत नाही. १९८९ ला सू सिटीला युनायटेडच्या फ्लाइट २३२ चं सगळं हायड्रॉलिक, म्हणजे कंट्रोल हलवणारी यंत्रणा गेली, तेव्हा प्रवासी म्हणून बसलेल्या एका ट्रेनिंग कॅप्टनने निरोप पाठवला की मदत लागली तर मी आहे, आणि कॅप्टन हेन्सनी त्याला आत घेतलं. तो थ्रॉटल सांभाळत बसला. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स म्हणाले असते, आमचं आम्ही बघतो, तर?

हां, एक गोष्ट राहिली. उदारपणाला पण दार असावं लागतं. २०२३ ला तिकडेच जंपसीटवर बसलेल्या ड्युटीवर नसलेल्या पायलटने चालू फ्लाइटमध्ये इंजिनं बंद करणारे फायर हँडल ओढायचा प्रयत्न केला, क्रूने त्याला वेळेत आवरलं. आपल्याकडे कॉकपिटमध्ये कोण बसणार याचे नियम आधीपासून कडक आहेत आणि ते तसेच राहिलेले बरे. तेव्हा तुमचा भाऊ मित्राला "पुढे बसवतो" म्हणत असेल तर कान धरा.

बिलाचं काय करायचं? एकदा हात पुढे करायचा, कॅप्टन नाही म्हणाले की थँक यू सर म्हणून मागे घ्यायचा, काउंटरवर ओढाताण करायची नाही, ते फार वाईट दिसतं. परतफेड कॅप्टनला करायचीच नसते, कमांड मिळाल्यावर, म्हणजे स्वतः कॅप्टन झाल्यावर, पुढच्या पोराला करायची. तोपर्यंत ड्रायव्हरची टीप आपण द्यावी, सकाळचा चहा आपण आणावा. आणि सुट्टीला घरी जाताना स्टाफ तिकिटावर बसला तर गॅलीत, म्हणजे विमानातल्या किचनमध्ये, रिकाम्या हाताने जाऊ नये. चितळ्यांची बाकरवडी चालते, मिठाईपेक्षा बरी, हात चिकट होत नाहीत. ए३२० वर केबिन क्रू चार असतात आणि पुढे दोघं, एटीआर या छोट्या विमानाला मागे दोघीच, त्या हिशोबाने बाकरवडीचं पाकीट घ्यायला सांगा.