बाळाचा आवाज बसला असेल तर दुर्बीण न घालता सोनोग्राफीत स्वरतंतू दिसतात का?

दिसतात. मोठ्यांपेक्षा बाळात जास्त चांगले दिसतात. वय वाढतं तशी, पुरुषांत तर फारच, गळ्याची कूर्चा हाडासारखी कडक होते आणि सोनोग्राफीच्या लहरी अडवते. बाळाची मऊ असते. तरी धुळ्यात माझ्याकडे गळ्याच्या सोनोग्राफीसाठी येणाऱ्या पोरांच्या चिठ्ठीवर 'गाठ?' एवढंच असतं. 'स्वरतंतू हलतात का बघा' असं लिहायला कुणाचा पेन चालत नाही.

शिरपूरकडचं एक तान्हं बाळ सांगतो. हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी, म्हणजे पीडीए, मुंबईला बांधून आणलेलं. आजीची तक्रार सरळ होती : "रडस, पन आवाज निंघत नही. दूध पेस तं ठसका लागस." भूल देताना नळी घातली होती, घसा सुजलाय, सूज उतरेल हळूहळू, असं सांगून सगळ्यांनी वाटेला लावलेलं. अरे, डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून त्याच पीडीएला खेटून वर येते! आजीला ठाऊक नसणार, आपल्याला ठाऊक असायला हवं.

आईच्या मांडीवरच घेतलं. लिनिअर प्रोब (मशीनचा सपाट तोंडाचा, अंगावर टेकवायचा भाग), भरपूर कोमट जेल, गळ्यावर आडवा, अगदी हलक्या हाताने. बाळाचा गळा दाबला तर श्वासच अडतो. रडू दिलं. रडणं आमच्या फायद्याचं, कारण स्वरतंतू मिटताना आणि उघडताना दोन्ही दिसतात. स्वरतंतू म्हणजे दाराच्या दोन फळ्या : उजवी उघडमीट करत होती, डावी जागची हलत नव्हती. क्लिप कान-नाक-घसावाल्या मित्राला पाठवली. उत्तर आलं, "दुर्बिणीशिवाय हे सगळे अंदाज." पुढे नाशिकला दुर्बीण झाली, डाव्या स्वरतंतूचा लकवाच निघाला. मित्राने त्यावर काही लिहिलं नाही, अजूनही नाही.

दुर्बिणीचा शब्द शेवटचा, हे मीही मानतो. पण तान्ह्या बाळाला चालेल इतकी बारीक दुर्बीण आणि ती घालणारा हात तालुक्याला असतो का? सोनोग्राफी मशीन असतं. आणि दूध श्वासनलिकेत जातंय की काय, ही शंका तारीख मिळेपर्यंत थांबवून ठेवायची नसते. आवाज नंतरही सुधारतो, बऱ्याचदा चांगली बाजू सरकून भरपाई करते. खरी भीती फुप्फुसात जाणाऱ्या दुधाची.

मित्राचा दुसरा मुद्दा : "एवढं आहे तर मशीन घेऊन माझ्या दवाखान्यात ये." १९९४ च्या गर्भलिंग कायद्यामुळे मशीन नोंदलेल्या जागेचं असतं, काखेत मारून गावभर फिरवता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. मुंबईच्या आयसीयूत हे काम खाटेशेजारी होतं, कारण मशीन तिथेच नोंदलेलं. इथे बाळालाच मशीनपाशी आणावं लागतं.

तुमच्या बाळाची आधी छातीची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दूध पिताना ठसका लागत असेल, तर सोनोग्राफी आधी करा आणि क्लिप मागून घ्या, नुसता कागद नको. मात्र श्वास घेताना घर्रघर्र होत असेल तर बहुतेकदा स्वरतंतूंच्या वरचा भाग ढिला असतो. तो माझ्या मशीनवर नीट दिसत नाही, तिथे दुर्बीणच. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि त्रास तसाच राहिला तरी दुर्बीणच. आणि छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील तर हे उत्तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

चिठ्ठीवर नेमकं काय बघायचं ते मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारा.